जुन्या घराच्या आतल्या कोपऱ्यांत चिरा: दर उन्हाळ्यात उघडतात, पावसाळ्यात मिटतात

दुधनाकाठ | ९ जून २०२४

नमस्कार मंडळी. आमचं घर सेलूला, परभणी जिल्ह्यात. बाबांनी १९८७ साली पुढच्या तीन खोल्या बांधल्या. पक्क्या विटा, नऊ इंची भिंती, वर स्लॅब. पिलर-बीम काही नाही. २००४ साली मागं स्वयंपाकघर आणि मोरी-बाथरूम वाढवलं. बाबा आता नाहीत, घरात आई आणि मी दोघीच असतो.

मधल्या खोलीत, स्वयंपाकघराकडच्या कोपऱ्यात, फरशीपासून छतापर्यंत उभी चीर आहे. मी ती तीनदा बुजवली. एकदा व्हाइट सिमेंटनं, एकदा दुकानदारानं दिलेल्या पेस्टनं, एकदा पीओपीनं. फेब्रुवारी संपला की केसाएवढी रेघ दिसायला लागते आणि मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं सरकतं. पाऊस लागला की आपोआप मिटते. समोरच्या खोलीतही एक चीर आहे, ती खिडकीच्या कोपऱ्यातून निघून भिंतीच्या कोपऱ्याकडं तिरकी गेलीय. आणि छताखाली सगळीकडं एक आडवी रेघ आहे.

दोघा ठेकेदारांना दाखवलं. एक म्हणाला, सगळं प्लास्टर काढून नवीन करा. दुसरा म्हणाला, चार कोपऱ्यांना पिलर घ्या. दोघांनीही चीर का पडते हे सांगितलं नाही, आणि मला तेच आधी कळायला हवंय. २१ मार्चला सकाळी भूकंपाचा जो हादरा बसला, तेव्हापासून आई मधल्या खोलीत झोपत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची ती रात्र तिच्या मनातून गेलेली नाही.

थापी | ९ जून २०२४

ताई, मी जिंतूरचा. वडील गवंडी होते, मीही पंधरा वर्षं हेच काम करायलोय. प्लास्टरवरची रेघ बघून काही कळत नसतं. कोपऱ्यात छातीच्या उंचीला वीतभर प्लास्टर छिन्नीनं हळूहळू काढा आणि आतल्या विटा बघा. दोन भिंतींच्या विटा एकमेकींत घुसल्यात, म्हणजे एक थर या भिंतीत आणि एक थर त्या भिंतीत असा दात धरलाय, का नुसती एक भिंत दुसरीला टेकवलीय? दुसऱ्या चिरेचंही बघा. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चाललीय, का विटाच फोडून सरळ गेलीय?

दुधनाकाठ | ११ जून २०२४

दादा, काढून बघितलं. नुसती टेकवलीय. जुन्या भिंतीवरचा बाहेरचा गिलावा आणि त्यावरचा हिरवा डिस्टेंपरसुद्धा आत तसाच आहे. स्वयंपाकघराची भिंत येऊन त्या हिरव्या रंगाला चिकटलीय, बस. समोरच्या खोलीतली चीर पायऱ्यापायऱ्यांनी गेलीय, एकही वीट फुटलेली नाही. उभी चीर वरती जास्त रुंद आहे, फरशीजवळ जवळजवळ नाहीच.

थापी | ११ जून २०२४

मग अर्धं उत्तर मिळालं. तिथं चीर पडली म्हणण्यापेक्षा जोड उघडायलाय म्हणा. तो आधीपासूनच वेगळा होता, प्लास्टरनं झाकला होता एवढंच. २००४ साली ज्यानं काम केलं त्यानं जुन्या भिंतीत एक थर सोडून एक थर वीट काढून नवीन भिंतीचा दात आत घ्यायला पाहिजे होता. दिवसभराचं जास्तीचं काम होतं.

आता तुमचा प्लॉट कुठं आहे ते सांगा. जुन्या गावात, का नंतर पडलेल्या प्लॉटिंगमध्ये?

दुधनाकाठ | ११ जून २०२४

प्लॉटिंगमध्ये. आधी तिथं शेत होतं, आजही पलीकडं कापूस असतो.

थापी | ११ जून २०२४

तेच विचारायचं होतं. जुनी माणसं गाव पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर वसवायची आणि काळी माती फक्त पेरायला ठेवायची. काळी-पांढरी हे शब्द उगाच नाही झाले. आमच्या वडलांचं म्हणणं असं की काळीत पाया घेतलास तर मुरूम लागेपर्यंत थांबू नको. गावं वाढली, काळीवर प्लॉट पडले आणि पाया तीन-चार फुटांवर थांबायला लागला, कारण खोदाईचा खर्च वर दिसत नसतो.

पाणसळ | १२ जून २०२४

थापी यांनी मूळ पकडलं आहे. मी स्थापत्य अभियंता, नांदेडला असतो, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या दुधनाकाठ यांचा नाही. मराठवाड्यातल्या निम्म्या वसाहतींमध्ये मी हीच चीर पाहिली आहे.

आपली काळी माती बेसाल्ट कुजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं, ते थरांच्या मध्ये पाणी घेऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात रानात ज्या भेगा पडतात, ज्यांत अख्खा हात जातो, तेच आकसणं जोत्याखालीही चालू असतं. फरक इतकाच की घराखालची माती सगळीकडं सारखी वाळत नाही. घराच्या मध्यावरची माती सावलीत, झाकलेली, दमट राहते. बाहेरच्या कोपऱ्यांची माती उन्हात उघडी. कोपरा खाली बसतो, मध्य तिथंच राहतो, आणि वीटकामाला ताण सोसत नसल्यामुळं ते सर्वांत कमजोर जागी उघडतं. ती कमजोर जागा म्हणजे खिडकीचा कोपरा किंवा न बांधलेला जोड.

तुमची उभी चीर वर रुंद आणि खाली बंद आहे, याचा अर्थ स्वयंपाकघराचा मागचा टोकाकडचा पाया बसतो आहे आणि अख्खं स्वयंपाकघर जुन्या घरापासून पाठीमागं कलतं आहे. पावसाळ्यात माती फुगते, ते परत उभं राहतं. दर वर्षी हेच. आता लक्षात घ्या की तुम्ही मेमध्ये चीर सिमेंटनं गच्च भरता तेव्हा नेमकी जास्तीत जास्त उघडलेली फट भरता. पावसाळ्यात भिंत परत यायला बघते तर मध्ये दगडासारखं कठीण सिमेंट. एक तर ते चुरगाळतं, नाही तर शेजारी दुसरी चीर पाडतं. तुमच्या तीन दुरुस्त्या याच कारणानं गेल्या, सामान वाईट होतं म्हणून नाही.

आता काय करायचं? आत्ता काहीच भरू नका. चिरेच्या दोन्ही बाजूंना, एका भिंतीत एक आणि दुसरीत एक, असे स्टीलचे स्क्रू पक्के बसवा. वरती, छातीशी आणि खाली अशा तीन जोड्या. प्रत्येक जोडीतलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं मोजून तारखेसह वहीत लिहा, महिन्यातून एकदा. तिरक्या चिरेची दोन्ही टोकं पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घालून ठेवा, म्हणजे ती लांबते आहे का कळेल. हे वर्षभर करायचं. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बघितल्याशिवाय काळीवरच्या घराबद्दल काही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं काम म्हणजे घराच्या बाहेरून, स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्याशी आणि समोरच्या खोलीच्या कोपऱ्याशी, दोन-दोन फूट रुंद खड्डे घेऊन पाया किती खोलीवर संपतो ते बघा. मजूर दिवसभरात करतो. पायाच्या खाली मात्र खणू देऊ नका, आणि बघून झालं की खड्डा लगेच दाबून भरून घ्या.

मांजराकाठ | १२ जून २०२४

वर्षभर थांबायचं हे ऐकायला कठीण वाटतं, पण लातूरला माझ्या घरी हेच झालं. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाची गोष्ट. आमचं बोअर त्याच्या आधीच आटलेलं, अंगणात थेंब पडत नव्हता. हॉलच्या दोन कोपऱ्यांत एवढ्या चिरा गेल्या की पलीकडचा उजेड दिसायचा. घाबरून सगळ्या सिमेंटनं भरल्या. त्याच पावसाळ्याच्या शेवटी जोराचा पाऊस झाला आणि दार बसेना. चौकट दाबली गेली होती. दार रंधून घेतलं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याला बोटभर फट.

दुधनाकाठ | १६ जून २०२४

स्क्रू बसवले. पहिली नोंद, वरची जोडी ६४.२ मिलिमीटर.

खड्डेही घेतले. स्वयंपाकघराचा पाया जमिनीपासून दोन फुटांवरच संपतो, खाली सगळी काळी. जुन्या घराचा पाया साडेचार फूट खोल आहे. मागच्या बाजूला तो मुरमावर आहे, पण समोरच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात मुरूम आणखी खाली आहे, तिथंही पाया काळीतच थांबलाय. त्या कोपऱ्यापासून नऊ-दहा फुटांवर कडुनिंब आहे, बाबांनी घराच्या वास्तूच्या वर्षी लावलेला. खड्ड्यात त्याची मनगटाएवढी मुळी निघाली.

आणखी एक दिसलं. मोरीचा पाइप जिथं बाहेर पडतो तिथली माती ऐन जूनच्या सुरुवातीला, पाऊस व्हायच्या आधी, चिखल होती.

गच्चीवरून | १६ जून २०२४

निंब तोडा. मुळ्या पायाखाली गेल्या तर घर उचलतील.

पाणसळ | १७ जून २०२४

गच्चीवरून, कृपा करून हा सल्ला असा देऊ नका. काळीत झाड पाया उचलत नाही, बहुतेक वेळा पाणी शोषून माती वाळवतं आणि पाया खाली बसतो. समोरच्या तिरक्या चिरेचं कारण बहुतेक तेच. पण चाळीस वर्षांच्या आसपासचं झाड एका दिवसात तोडलं तर ज्या मातीतून ते वर्षानुवर्षं पाणी ओढत होतं ती माती पाणी धरायला लागते आणि फुगते. हे फुगणं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं आणि ते बसण्यापेक्षा जास्त वाईट, कारण वरून दाबून ते थांबवता येत नाही.

ताई, झाड ठेवा. फांद्या दर वर्षी एक तृतीयांशापर्यंत छाटा, पानं कमी झाली की पाण्याची ओढ कमी होते. झाड आणि घर यांच्यामध्ये, झाडाच्या बाजूला जितकं सरकता येईल तितकं सरकून, मुळ्या अडवणारी खोल अरुंद भिंत घेता येते, पण ती एखाद्या माणसानं प्रत्यक्ष जागा बघूनच आखावी.

मोरीचा चिखल मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. जोडाजवळची माती बारा महिने ओली आणि मागच्या टोकाची माती उन्हाळ्यात खडखडीत. एकाच पायाची दोन टोकं दोन वेगळ्या ऋतूंत उभी आहेत. पहिलं काम ते.

दुधनाकाठ | १७ जून २०२४

झाड राहणार हे वाचून दाखवलं तेव्हा आई काही बोलली नाही, पण उठून झाडाला पाणी घालून आली. घालावं का तेही सांगा.

पाणसळ | १७ जून २०२४

घाला. पण घराच्या बाजूला नको, पलीकडच्या बाजूला आळं करून. मुळ्या पाण्याकडं जातात.

माळवद | २९ जून २०२४

धागा वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचा वाडा औशाजवळच्या एका गावात, दगड-मातीचा, अडीच फुटी भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत. २०११ साली आतून सिमेंट प्लास्टर केलं. आता देवघराच्या कोपऱ्यात उभी चीर आहे, बोट जातं. प्लास्टर ठोकलं की ढबढब वाजतं. बाहेरून त्या भिंतीनं पोट काढलंय. कशानं भरावी?

पाणसळ | २९ जून २०२४

कशानंही भरू नका. आज रात्रीपासून त्या भिंतीला डोकं करून किंवा तिच्याजवळ कुणी झोपू नये, ही पहिली विनंती.

तुमची भिंत अडीच फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. आतला दगडी पदर, बाहेरचा दगडी पदर आणि मध्ये मातीत भरलेली खडी. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नसले की पदर सुटे होतात आणि बाहेरचा पोट काढतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भागात हेच झालं. लोक झोपेत होते, भिंतींचे पदर सुटले आणि वरची माती खाली आली. सुमारे १०,००० माणसं गेली. हा भाग तोवर देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ साली आयएस १८९३ हे भूकंपासाठीचं भारतीय मानक सुधारलं तेव्हा किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये घेतला.

माळवदावर किती माती आहे? दर पावसाळ्याच्या आधी पांढऱ्या मातीचा थर देत गेलात आणि जुना काढला नाहीत तर ती वाढत जाते. दीड फूट थर असला तर एका चौरस फुटावर सत्तर किलोच्या आसपास वजन येतं. दहा बाय दहाच्या जागेवर सात टन.

माळवद | २९ जून २०२४

दीड फुटाहून जास्त असेल. आजोबांपासून कुणी काढलेली नाही. सानं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, उचलून घ्यावं लागलं होतं, एवढी माती चढली.

पाणसळ | ३० जून २०२४

मग आधी ती उतरवायची. तीही एका कोपऱ्यातून एकदम नको, सगळीकडून थोडी थोडी. आणि आता पावसाळा लागला आहे, तेव्हा माती काढून छत उघडं टाकू नका. तोवर त्या खोलीचा वापर बंद ठेवा, भिंतीला बाहेरून टेके द्या आणि उघडीप मिळाली की काम धरा.

नंतर भिंत शिवायची. १९९३ नंतर आपल्याकडं ज्या घरांची मजबुती झाली त्यांत ही पद्धत वापरली गेली आणि आयएस १३९३५ या घरांच्या मजबुतीच्या भारतीय मानकात ती दिली आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड हळू काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. हा झाला हातानं घडवलेला आरपार दगड. कोपऱ्यांत दोन्ही भिंतींवर वळणारी जाळीची आडवी पट्टी, लिंटलच्या (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या) वर. भोकं एकाआड एक पाडायची, दहा एकदम नाहीत. हे काम ज्यानं आधी केलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या. पोट फार सुटलं असेल तर तेवढा भाग उतरवून परत बांधणंच बरं.

अंबाडी | ३० जून २०२४

आणि परत सिमेंटचा गिलावा करू नका, मी हात जोडून सांगते. मी छत्रपती संभाजीनगरला राहते, जुन्या इमारतींच्या चुन्याच्या कामात आठ वर्षं आहे. मातीत बांधलेली भिंत जमिनीतून थोडं पाणी वर ओढते आणि अंगावरून ते सोडते. सिमेंटनं तिचं अंग बंद होतं. पाणी प्लास्टरच्या मागं साचतं, मातीचा सांधा मऊ होतो आणि गिलावा भिंतीपासून सुटतो. ढबढब आवाज त्याचाच.

चुना तीन आठवडे तरी भिजवून विझवलेला घ्या, त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड. आपल्याकडं गूळ-बेलफळाचं पाणी घालायचे, अजून घालणारे कारागीर आहेत. कोपऱ्यातल्या गिलाव्यात अंबाडीच्या वाखाचे (सालीच्या तंतूंचे) बोटभर तुकडे मिसळा. तंतू गिलावा धरून ठेवतात, वाळताना तडे कमी जातात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. शेकडो वर्षं तो गिलावा टिकून आहे. आपल्या रानात अंबाडी उगवते, तिचा वाख आजही काही घरांत दोरीसाठी काढतात. थर पातळ द्या, एकावर एक, आणि सावलीत वाळू द्या. उन्हात वाळवलेला चुना मऊ राहतो.

दुधनाकाठ | १० जुलै २०२४

आज सकाळी सातच्या पुढं परत हादरा बसला. सेलूलाही जाणवला. आई आणि मी अंगणात आलो. सगळं शांत झाल्यावर आधी कॅलिपर काढून मोजलं. वरची जोडी ६३.१. चार दिवसांपूर्वी ६३.२ होती. म्हणजे हादऱ्यानं उघडली नाही, पावसानं मिटत चाललीय. आईला वही दाखवली. आकडा बघून तिला धीर आला, हे मुद्दाम लिहिते.

पाणसळ | १० जुलै २०२४

नोंदी ठेवण्याचा खरा उपयोग हाच. तरीही तुमचं स्वयंपाकघर जुन्या घराला बांधलेलं नाही, हे विसरू नका. हादऱ्यात दोन्ही भाग वेगवेगळे हलतात. त्या जोडाखाली, भिंतीला लागून, जड कपाट किंवा मांडणी असेल तर हलवा.

थापी | ११ जुलै २०२४

सर, एक विचारतो. तिथं आता विटा काढून दात घेऊन जोड पक्का केला तर? सळया घालून.

पाणसळ | ११ जुलै २०२४

पाया एकसारखा असता तर मीच सांगितलं असतं. इथं एक पाया मुरमावर, दुसरा दोन फुटांवर काळीत. तुम्ही भिंती बांधल्या तर स्वयंपाकघर बसताना जुन्या भिंतीला ओढेल आणि चीर जोडातून निघून भिंतीच्या मध्यात येईल. तो जोड हलणाराच आहे असं मान्य करून त्याला नीट हलू द्यायचं. खरं बांधायचं असेल तर आधी स्वयंपाकघराचा पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल, थोड्या थोड्या टप्प्यांत खालून. त्याचा खर्च नवीन स्वयंपाकघराच्या जवळ जातो.

समोरची तिरकी चीर वेगळी. तिथं एकच भिंत आहे, ती शिवायची. चिरेला ओलांडून दर चार-पाच थरांना आडवा सांधा दीड-दोन इंच खोल खरवडायचा. त्यात सहा मिलिमीटरची सळई, जमल्यास स्टेनलेस, चिरेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट. कोपऱ्याजवळ एल आकारात वाकवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. न आकसणारं ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरायचं. वर जाळी, चिरेच्या दोन्ही बाजूंना किमान सहा इंच, वॉशर लावून ठोकलेली, मग गिलावा. सात दिवस पाणी. आणि हे काम थंडीत करायचं, दिवाळीनंतर. तेव्हा माती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण वाळलेली.

मांजराकाठ | ११ जुलै २०२४

छताखालच्या आडव्या रेघेबद्दल कुणी बोललं नाही. ती आमच्याकडंही आहे.

पाणसळ | १२ जुलै २०२४

राहून गेलं. तिचा मातीशी संबंध नाही, ती उन्हाची आहे. काँक्रीट एका अंशाला दहा लाखात साधारण दहा भाग वाढतं. तीस फूट म्हणजे नऊ मीटरचा स्लॅब वीस अंशांनी तापला तर जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर लांबतो. खालची विटांची भिंत तेवढी तापत नाही आणि विटेचं वाढणंही काँक्रीटच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून दर दुपारी स्लॅब भिंतीवर सरकतो, रात्री परत येतो. गच्चीवर जाड पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग द्या, फरक पडतो. आतून रेघेवर पीओपीची पट्टी लावायची तर ती फक्त छताला चिकटवा, भिंतीला नाही. पट्टी छताबरोबर सरकते, रेघ झाकलेली राहते. मात्र छतावरच्या चिरेजवळ तांबूस डाग असतील किंवा काँक्रीटचे पापुद्रे निघत असतील तर सळई गंजते आहे, तो वेगळा आणि गंभीर प्रश्न.

थापी | १२ जुलै २०२४

भिंतीवरच्या चिरेत सिलिकॉन कुणी भरू नका, एवढं माझ्याकडून. त्यावर रंग धरत नाही, आणि नंतर काढलं तरी तेलकटपणा राहतो, दुसरं काही चिकटत नाही.

माळवद | ३ फेब्रुवारी २०२५

कळवायचं राहिलं होतं. डिसेंबरात माती उतरवली, एकोणीस ट्रॉल्या निघाल्या. दोन तुळया आतून पोकळ सापडल्या, वाळवीनं. त्या बदलल्या. भिंतीचा पोट सुटलेला भाग उतरवला आणि आरपार दगड घालून परत चढवला. माझ्या चुलत्यांनी १९९३ ला किल्लारीच्या भागात ढिगाऱ्यांतून माणसं काढली होती. उतरवलेल्या भिंतीतले सुटे दगड बघून ते बराच वेळ तिथंच बसून होते. अंबाडी ताई, चुना विझत घातलाय, गिलाव्याला मार्चमध्ये लागू.

अंबाडी | ३ फेब्रुवारी २०२५

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात उरका. नंतर ऊन चढतं. ओल्या गोणपाटाचे पडदे लावा.

दुधनाकाठ | १७ ऑगस्ट २०२५

वर्ष पूर्ण झालं, म्हणून सगळं एकत्र लिहिते.

ऑक्टोबरमध्ये मोरीचा पाइप उघडला. भिंतीच्या आतच सांधा सुटलेला होता, कित्येक वर्षं पाणी पायात जात असणार. नवीन पाइप टाकून पाणी लांब, शोषखड्ड्यात नेलं. नोव्हेंबरात घराभोवती साडेतीन फूट रुंद फरसबंदी केली, दर तीन फुटांना एक इंच बाहेरच्या बाजूला उतार. कडेला गच्चीच्या पाण्यासाठी पन्हळ. जिथं फरसबंदी भिंतीला भेटते ती फट पातळ ठेवून डांबरी मसाल्यानं भरली, नाही तर तिथूनच पाणी शिरतं असं थापी दादांनी सांगितलं होतं. निंबाची छाटणी केली.

समोरची चीर जानेवारीत सळयांनी शिवून घेतली. ते काम थापी दादांनी स्वतः येऊन केलं, जिंतूरहून तीन दिवस. पेन्सिलीच्या जुन्या खुणा होत्या तिथंच नवीन गिलाव्यावर परत खुणा केल्या. आजपर्यंत काही उघडलेलं नाही.

मागच्या जोडात काही कठीण भरलं नाही. दोन्ही बाजूंचं चार-चार इंच प्लास्टर काढून कडा सरळ केल्या, आत फोमची दोरी दाबली, वर पॉलियुरेथेन सीलंट. त्यावर सागवानी पट्टी, फक्त जुन्या भिंतीत स्क्रू केलेली, दुसऱ्या बाजूला नुसती टेकलेली. बघणाऱ्याला ती चौकटीची पट्टी वाटते. मोजायचे स्क्रू पट्टीच्या बाहेर तसेच ठेवले.

वरच्या जोडीच्या नोंदी: जून २०२४ ला ६४.२, सप्टेंबरात ६२.१, जानेवारीत ६२.६, मे २०२५ ला ६२.९, आज ६२.३. आधी दोन मिलिमीटरच्या वर हलायची, आता एकाच्या आत.

पाणसळ | १७ ऑगस्ट २०२५

फार चांगलं काम. यंदा मेमध्येही अवकाळी पाऊस झाला, त्यामुळं माती नेहमीइतकी वाळली नाही. एक कडक उन्हाळा जाईपर्यंत मोजणं सोडू नका.

दुधनाकाठ | १८ ऑगस्ट २०२५

सोडणार नाही. वही आता आईकडं असते. तिची खाट परत मधल्या खोलीत आलीय आणि महिन्याच्या एक तारखेला चष्मा लावून कॅलिपर तीच धरते, मी आकडा लिहिते.